अण्णांना पेटीवाला दिसला पाहिजे

पंचवटीतून एका सुनेचं पत्र आलं आहे. मोठं आहे, म्हणून थोडं कापून देतो.

‘‘माझ्या सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. वय ७८. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले, पण गावात त्यांची ओळख पेटीवाले म्हणूनच. कीर्तन असो, भजनी मंडळ असो, हौशी मंडळींचं संगीत नाटक असो; बाहेरून गवई आला आणि साथीला माणूस नसला की निरोप अण्णांना. दोन वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरतो. औषधं चालू आहेत, पण पेटी बंद झाली ती झालीच. आता दिवसभर टीव्हीसमोर बातम्या. मला वाटलं, रविवारी दुपारी सगळ्यांनी मिळून संगीतावरचे चित्रपट बघावेत. तीन लावले, तिन्ही फसले. ‘गूंज उठी शहनाई’ला म्हणाले, ‘सनई खाँसाहेबांची आणि गाल राजेंद्रकुमारचे, काय बघायचं त्यात?’ दुसऱ्यात नायक पेटी वाजवत होता. ‘भाता हलत नाही आणि पेटी वाजतेय! सूर काळी एकचा आणि हा बाबा नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवर हात फिरवतोय,’ म्हणून उठले. तिसऱ्यात मोठी मैफल होती. ती शेवटपर्यंत पाहिली आणि एवढंच विचारलं, ‘पेटीवाला दिसला का गं कुठं?’ ह्यांचं म्हणणं, त्यांना बातम्याच बघू दे. मुलगा नववीत आहे, कीबोर्ड शिकतो, त्याला तो ड्रमवाला इंग्रजी सिनेमा बघायचाय. मला संगीत आणि संगीतकारांवरच्या दहा चांगल्या चित्रपटांची यादी द्या, आणि अण्णांना बसवायचं कसं तेही सांगा.’’

ताई,

अण्णांनी तिसऱ्या वेळी विचारलेला प्रश्न तुम्ही तक्रार म्हणून लिहिला आहे. मला ती फर्माईश वाटते. पहिल्या दोन चित्रपटांना त्यांनी जे ऐकवलं ती जाणकाराची खोड. ती जाणार नाही आणि घालवूही नका. तिसरा प्रश्न मात्र वेगळा आहे. ज्या माणसाने उभी हयात गवयाच्या डाव्या अंगाला बसून, त्याच्या तानेमागे अर्ध्या मात्रेनं धावत काढली, त्याला पडद्यावर गवयाचं तोंड दिसतं, समोर बसलेल्या नायिकेचे डोळे दिसतात, झुंबर दिसतं, पुन्हा गवई दिसतो. पेटी नुसती ऐकू येते. म्हणजे अण्णा शोधत होते स्वतःची जागा, आणि आपण त्यांना नायकांच्या गोष्टी दाखवत होतो.

तेव्हा यादी करताना मी एकच चाळणी लावली. जिथे वाजवणारा माणूस खरा आहे किंवा साथीला बसलेल्या माणसाची कुणीतरी दखल घेतली आहे, ते चित्रपट आधी. बाकीचे कितीही गाजलेले असोत, मागून. दहा भरतीलच असं नाही.

आधी त्या न हलणाऱ्या भात्याबद्दल, म्हणजे तुमच्या मुलालाही कळेल. आपल्याकडे गाणं आधी स्टुडिओत ध्वनिमुद्रित होतं. चित्रीकरणाच्या वेळी ते सेटवर मोठ्याने लावतात आणि नट त्यावर ओठ हलवतो. मागे बसलेले तबलजी-पेटीवाले बहुतेकदा त्या दिवसापुरते आणलेले ज्युनियर आर्टिस्ट असतात. त्यांच्या हातात वाद्य दिलं जातं, सूर कुणी देत नाही. ज्याने खरंच वाजवलं तो त्या वेळी दुसऱ्या रेकॉर्डिंगला गेलेला असतो. ‘गूंज उठी शहनाई’त (१९५९) बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई आणि अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांची सतार अशी जुगलबंदी आहे. दोघांपैकी कुणीही समोर दिसत नाही. अण्णांनी ती टीव्हीकडे पाठ करून ऐकली तर त्यांचं काहीही बुडणार नाही.

आणि हे दुखणं जुनं आहे. आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी मूकपट काढले, तेव्हा थिएटरं काही मुकी नव्हती. पडद्यासमोर अंधारात पेटी आणि तबला घेऊन माणसं बसायची आणि चित्र बघत बघत वाजवायची. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला, पडदा स्वतःच गाऊ लागला आणि त्यांचं काम गेलं. पुढे आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला बंदी घातली, ती तीस वर्षं टिकली. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (सुरांमधले बारीक भेद) बरोबर नाहीत, वाद्य परदेशी, अशी कारणं होती. अण्णा ऐन विशीत होते तेव्हा त्यांचं वाद्य रेडिओवर वर्ज्य होतं, हे लक्षात घ्या. एखाद्या रविवारी याबद्दल विचारून बघा. दुपार निघून जाईल, सिनेमा लागणारही नाही.

आता चित्रपट. पहिल्या रविवारी ‘मी वसंतराव’ (२०२२) लावा. निपुण धर्माधिकारी यांचं दिग्दर्शन, आणि वसंतराव देशपांड्यांच्या भूमिकेत त्यांचे नातू राहुल देशपांडे. गाणारा गळा आणि दिसणारा गळा एकच, त्यामुळे अण्णांचा पहिला आक्षेप तिथेच मिटतो. या चित्रपटातल्या गाण्यासाठी राहुल देशपांड्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण मी हा चित्रपट पहिला लावा म्हणतो त्याचं कारण वेगळं आहे. वसंतरावांनी वर्षानुवर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी केली. दिवसा फायली आणि संध्याकाळी गाणं. ‘कट्यार काळजात घुसली’ नाटक रंगभूमीवर आलं ते १९६७ च्या डिसेंबरात. म्हणजे ज्या खाँसाहेबांच्या भूमिकेने त्यांचं नाव घरोघरी पोचलं, ती मिळाली तेव्हा त्यांची सत्तेचाळिशी उलटली होती. ज्याने प्रेसची पाळी करून मग सायकलवर पेटी बांधून कीर्तनाला जायचं, असं आयुष्य काढलंय (तुम्ही सायकल लिहिलेली नाही, मी गृहीत धरतोय), त्याला हा माणूस परका वाटायचा नाही. शिवाय यात पु. ल. आहेत. पु. ल. वसंतरावांचे मित्र आणि स्वतः पेटी वाजवणारे. अण्णा मध्येच थांबवून गोविंदराव पटवर्धन किंवा अप्पा जळगावकर अशा नावाजलेल्या पेटीवाल्यांच्या गोष्टी सुरू करतील. करू द्या. चित्रपट जवळजवळ तीन तासांचा आहे, दोन रविवारांत विभागलात तरी बिघडत नाही. माझ्या मते त्याचा पूर्वार्ध थोडा रेंगाळतो. अण्णांना तो रेंगाळलेला वाटणार नाही.

दुसरा जरा लांबचा आहे, पण माझं मन याच्यावरच सगळ्यात जास्त आहे. ‘बुएना व्हिस्टा सोशल क्लब’, १९९९, दिग्दर्शक विम वेंडर्स. हा माहितीपट आहे. क्यूबा देशातल्या हवाना शहरात १९९६ मध्ये राय कूडर नावाचा अमेरिकी गिटारवादक जातो आणि तिथले विस्मरणात गेलेले म्हातारे गायक-वादक गोळा करून एक ध्वनिमुद्रिका करतो. त्यातला एक गायक, इब्राहिम फेरेर, तोवर गाणं सोडून बूटपॉलिश करत होता. कॉम्पाय सेगुंदो नावाचे गृहस्थ नव्वदीत होते आणि तोंडात सिगार. पण तुम्ही अण्णांना दाखवायचा तो रुबेन गोन्सालेस. पियानोवाला. तरुणपणी मोठमोठ्या बँडमध्ये साथीला बसलेला. रेकॉर्डिंगला बोलावलं तेव्हा सत्तरी उलटलेली, बोटांचे सांधे संधिवाताने धरलेले, घरी पियानोही उरला नव्हता. मग तो बसतो आणि वाजवतो. एका जुन्या मोठ्या दालनात लहान मुली जिम्नॅस्टिक्सचा सराव करताहेत आणि हा कोपऱ्यात पियानो वाजवतोय, हळूहळू मुली त्याच्याभोवती जमतात, असा एक प्रसंग आहे. चित्रपटाचा शेवट न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधल्या १९९८ च्या मैफलीत होतो.

इथे एक सावधगिरी. हे बघून ‘अण्णा, बघा, त्यांचेही हात दुखत होते, तुम्हीपण वाजवा की’ असं घरात कुणीही म्हणायचं नाही. संधिवात वेगळा, थरथर वेगळी. आणि ज्याचा हात चालत नाही त्याला ते कुणी समजावून सांगायची गरज नसते. गप्प बसून बघा. बोलायचं असेल तर ते बोलतील.

स्पॅनिश-इंग्रजी आहे, खाली अक्षरं इंग्रजीत येतात. मुलाला वाचून दाखवायला लावा. सगळं वाचलं नाही तरी चालेल, यात बोलण्यापेक्षा वाजवणं जास्त आहे.

याच्याच जोडीला ‘ट्वेंटी फीट फ्रॉम स्टारडम’ (२०१३). हाही माहितीपट, याला ऑस्कर मिळालं आहे. विषय अण्णांचाच: मोठ्या गायकांच्या मागे उभं राहून कोरस गाणाऱ्या बायका. मेरी क्लेटन नावाच्या बाईंना १९६९ मध्ये मध्यरात्री घरून बोलावून घेतलं. त्या गरोदर होत्या, तशाच गेल्या आणि रोलिंग स्टोन्स या इंग्रजी बँडच्या एका गाण्यात अशा काही गायल्या की आजही ते गाणं लागलं की लोक त्यांच्या ओळींची वाट बघतात. डार्लीन लव्ह यांच्यावर लोकांच्या घरी साफसफाई करायची वेळ आली होती, आणि एकदा काम करता करता रेडिओवर त्यांचंच गाणं लागलं. गाणी पाश्चात्त्य आहेत, अण्णांना गोंगाट वाटेल. अर्धा तास द्या. नाही आवडला तर तुम्ही आणि तुमचा मुलगा पुढे बघा. कीबोर्ड शिकणाऱ्या मुलाने हा बघावाच, कारण उद्या तो कुठे वाजवायला लागलाच तर मधोमध उभं राहणारा असण्यापेक्षा मागे बसणारा असण्याची शक्यता पुष्कळ जास्त. त्यात वाईट काही नाही हे त्याला घरातच दिसतंय, फक्त कुणी बोलून दाखवलेलं नाही.

सत्यजित राय यांचा ‘जलसाघर’ (१९५८) मी तिसरा ठेवला असता, पण त्यासाठी दुपार शांत हवी. कर्जात बुडालेला जमीनदार, पडझड झालेला वाडा आणि गाण्याचा शौक. बायको-मुलगा नदीत बुडून गेले तेही एका जलशाच्या रात्री. संगीत विलायत खाँसाहेबांचं. यातल्या मैफली खोट्या नाहीत. ठुमरी म्हणताना ज्या दिसतात त्या स्वतः बेगम अख्तर, आणि शेवटच्या जलशात नाचतात त्या रोशन कुमारी. कॅमेरा घाई करत नाही, गाणं चालू असताना बसलेल्या सगळ्यांना नीट बघू देतो. शेवटच्या नाचानंतर नवश्रीमंत शेजारी बिदागी द्यायला हात पुढे करतो आणि जमीनदार आपल्या काठीने तो हात अडवतो, कारण पहिला मान घरच्या यजमानाचा. घरात उरलेलं सगळं तो त्या एका रात्रीवर उधळून बसलेला असतो. शौकीन आणि मूर्ख यांच्यातली रेघ कुठे असते, हे राय सांगत बसत नाहीत. अण्णांनी असे यजमान पाहिले असतील, आणि नारळावर बोळवण करणारेही.

मराठीत मागे जायचं तर ‘अमर भूपाळी’ (१९५१). शांतारामबापूंचा. होनाजी आणि बाळा ही जोडी, एक रचणारा आणि एक गाणारा. म्हणून तर आपण आजही ‘होनाजी बाळा’ असं एका दमात म्हणतो, दोघांचं मिळून एक नाव झालं. होनाजी झालेले पंडितराव नगरकर स्वतः गायक होते. संगीत वसंत देसाई यांचं. ‘घनश्याम सुंदरा’ लागलं की अण्णांची बोटं मांडीवर चालू होतील, त्याकडे बघू नका.

‘बैजू बावरा’ (१९५२) मी तुम्हाला पूर्ण बघायला सांगणार नाही. कथा अवास्तव आहे, रडणं पुष्कळ आहे, भारत भूषण नेहमीसारखेच दीनवाणे. पण शेवटची जुगलबंदी मात्र अण्णांसोबत बघायलाच हवी. नौशाद यांनी तानसेनासाठी उस्ताद अमीर खाँसाहेबांचा आवाज घेतला आणि बैजूसाठी पंडित द. वि. पलुसकरांचा. राग देसी. गोष्टीप्रमाणे बैजू जिंकतो. ऐकताना कोण जिंकलं ते अण्णांनी ठरवावं. आणि तुमच्या मुलाला हे सांगा: पलुसकर जन्मले ते नाशिकमध्ये, १९२१ साली. वडील पंडित विष्णु दिगंबर, ज्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्यांनी पुढे तुमच्याच पंचवटीत रामनाम आधाराश्रम उभा केला. मुलगा दहा वर्षांचा असताना वडील गेले, आणि मुलगाही चौतिसाव्या वर्षी, १९५५ मध्ये गेला. चित्रपटात त्याचा आवाज फार थोडा उरला. ‘बैजू बावरा’ हे त्यातलं एक ठिकाण. तिथेही अण्णांची तक्रार लागू आहेच, दिसतात भारत भूषण. पण पंचवटीतल्या मुलाला शाळेत कुणी हे सांगणार नाही, आजोबांनी सांगावं.

‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५) आणि ‘बालगंधर्व’ (२०११) तुम्ही पाहिलेच असतील, म्हणून थोडक्यात. ‘कट्यार’मध्ये शंकर महादेवन स्वतः गातात आणि स्वतःच दिसतात. खाँसाहेब झालेल्या सचिन पिळगावकरांचा गाता आवाज राहुल देशपांड्यांचा, आणि सदाशिव झालेल्या सुबोध भावे यांचा महेश काळेंचा. ‘बालगंधर्व’मध्ये सुबोध भावे दिसतात आणि आनंद भाटे गातात. दोन्ही देखणे. ‘कट्यार’ मला भव्यतेच्या हौसेपायी जरा जास्तच सजवलेला वाटतो. नाटकात नुसत्या बैठकीवर जे घडायचं त्याला इथे महाल लागतो. ‘बालगंधर्व’ लावलात तर अण्णांना फक्त एवढं विचारा, की गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला कोण होतं. अहमदजान थिरकवा खाँसाहेब हे नाव ते ज्या सुरात उच्चारतील तो तुमच्या मुलाने ऐकावा. त्या काळी प्रेक्षक पदाला ‘वन्समोअर’ द्यायचे त्यात तबल्याचा वाटा किती, यावर अण्णा तासभर बोलू शकतील असा माझा अंदाज आहे.

‘द डिसायपल’बद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, आणि तो तुमच्या रविवारी मुळीच लावू नका. चैतन्य ताम्हाणे यांचा हा मराठी चित्रपट २०२० मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचा पुरस्कार घेऊन आला, पुढच्या वर्षी नेटफ्लिक्सवर आला. शास्त्रीय गायनावर आपल्याकडे इतका खरा चित्रपट दुसरा झालेला नाही, असं माझं ठाम मत आहे. कलाकार निवडताना त्यांनी नट शोधून त्यांना गायला शिकवलं नाही, गाणारे शोधून त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवलं. शरद झालेले आदित्य मोडक हे शिकलेले गायक. गुरुजी झालेले अरुण द्रविड हे मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरीताई आमोणकर यांच्याकडे शिकलेले. पहिल्याच दृश्यात मैफल आहे. कॅमेरा लांबून सगळं व्यासपीठ दाखवतो: गुरुजी, तबला, पेटी, आणि मागे तानपुरा घेतलेला शरद. गाणारा मधोमध आहे, पण आपण बघत राहतो मागे बसलेल्या शरदला. अण्णांच्या प्रश्नाला एवढं सरळ उत्तर दुसऱ्या कुठल्याच चित्रपटाने दिलेलं नाही.

मग लावू नका का म्हणतो? एक, त्यातले एक-दोन प्रसंग सासरे आणि नववीतला मुलगा दोघांना शेजारी बसवून बघण्यासारखे नाहीत. सगळ्यांचीच पंचाईत होईल. दोन, हा चित्रपट आपल्या आशा पुरवत नाही. शरद प्रामाणिक आहे, रियाज करतो, आजारी गुरूंची सेवा करतो, रात्री मोटारसायकलवर गुरुजींच्या गुरू माई यांच्या जुन्या भाषणांच्या टेप ऐकत फिरतो (माईंचा तो आवाज सुमित्रा भावे यांचा), आणि तरीही तो मोठा गवई होत नाही. कारण एवढंच की सगळेच होत नाहीत. हे तरुणपणी बघितलं तर भीती वाटते. अण्णांच्या वयात काय वाटेल ते मी सांगू शकत नाही. हा त्यांनी तुमच्या यजमानांबरोबर, एखाद्या आठवड्यातल्या रात्री, मुलगा झोपल्यावर बघावा. बाप-लेकांनी. ‘बातम्याच बघू दे’ म्हणणाऱ्या माणसालाही काहीतरी काम लागलं पाहिजे. वडिलांच्या वाजवण्याबद्दल त्यांनी कधी काही विचारलं आहे की नाही, हे तुमच्या पत्रात कुठे दिसलं नाही.

माहितीपटांत रस लागला तर मणी कौल यांचा ‘ध्रुपद’ आहे, डागर बंधूंवरचा, त्यात झिया मोहिउद्दीन डागरांची रुद्रवीणा. तो सावकाश आहे, इतका की तुमचा मुलगा दहाव्या मिनिटाला मोबाइल काढेल. कुमार गंधर्वांवर जब्बार पटेल यांचा ‘हंस अकेला’ आहे, मल्लिकार्जुन मन्सूरांवर ‘रसयात्रा’ आहे. अण्णांना हे कदाचित चित्रपटांपेक्षा जास्त आवडतील, कारण यात गोष्ट मध्ये येत नाही.

तुम्हा दोघांसाठी म्हणून ‘अमाडेयस’ (१९८४). मोझार्ट आणि सालिएरी या दोन युरोपीय संगीतकारांची गोष्ट. आठ ऑस्कर, आणि प्रत्येक लायक. एक ध्यानात ठेवा, सालिएरीने मोझार्टचा घात केला ही कल्पना आहे, इतिहास नाही. खरा सालिएरी बेथोव्हेन, शुबर्ट आणि लिस्टचा शिक्षक होता, काही पडेल माणूस नव्हे. पण दुसऱ्याच्या हातचं लिखाण वाचताना ‘हे मला कधी जमणार नाही’ हे ज्याला पूर्ण कळतं अशा माणसाचा चेहरा त्यात आहे, त्यासाठी बघा. ‘साउंड ऑफ मेटल’ हा ऐकणं गमावत चाललेल्या ड्रमवाल्याचा चित्रपट अप्रतिम आहे, पण तो तुम्ही एकट्या बघा. अण्णांना सध्या नको. त्यांनी स्वतः मागितला तर गोष्ट वेगळी.

राहिलं बसवणं. ‘अण्णा, तुमच्यासाठी लावलाय’ हे वाक्य बंद. तुम्हाला बघायचा आहे म्हणून लावा. रिमोट त्यांच्या हातात द्या. थांबवायचा, मागे न्यायचा, शिव्या घालायच्या, सगळं त्यांच्याकडे. ते उठून गेले तरी तुम्ही पुढे बघत राहा, ‘बसा ना’ म्हणायचं नाही. दुपारी जेवणानंतर लगेच लावला तर ते डुलक्या घेतील आणि तुम्हाला वाटेल कंटाळले. चारच्या चहाबरोबर लावा. आणि टीव्हीचा आतला स्पीकर विसरा. आजकालच्या पातळ टीव्हीतून तानपुरा ऐकूच येत नाही, डग्ग्याची घुमारी गायब होते, पेटी पत्र्यासारखी वाजते. ज्याचे कान शाबूत आहेत त्याला हे छळासारखं असतं. बरा बाहेरचा स्पीकर जोडा, भारी नसला तरी चालेल. ‘मी वसंतराव’ला ध्वनीसाठीही राष्ट्रीय पुरस्कार आहे, तो तुमच्या टीव्हीच्या पाठीतून ऐकायचा नाही.

मुलाबाबत आणखी एक. त्याला कीबोर्डवर तीनतालाचा लेहरा धरायला सांगा. सोळा मात्रा, तीच ओळ पुन्हा पुन्हा, लय न हलवता. तबलजी त्यावर वाटेल ते करतो आणि पेटीवाला तिथेच असतो. ऐकायला सोपं वाटतं. पाच मिनिटं धरून बघितल्यावर त्याला कळेल, आणि चुकला की आतल्या खोलीतून कोण ओरडतं तेही.

तो ड्रमवाला इंग्रजी चित्रपट म्हणजे ‘व्हिपलॅश’ (२०१४) असणार. बघू द्या, पण आजोबांबरोबर, आणि वार्षिक परीक्षा झाल्यावर. चित्रपट जबरदस्त आहे, मी मान्य करतो, शेवटची दहा मिनिटं श्वास रोखून बघितली जातात. पण त्यातला मास्तर मुलांना शिव्या देतो, थोबाडीत मारतो, खुर्ची फेकतो, आणि चित्रपट हळूच सुचवतो की असं केल्याशिवाय मोठा वादक होत नाही. तो सारखी एक गोष्ट सांगतो: जॅझचा ड्रमवाला जो जोन्सने तरुण सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या डोक्यावर झांज फेकून मारली, म्हणून पार्कर महान झाला. प्रत्यक्षात जोन्सने ती त्याच्या पायांशी टाकली होती, ‘ऊठ आता’ एवढ्याच अर्थाने. तुमच्या मुलाने विचारावं अण्णांना, त्यांचे गुरुजी मारायचे का. उत्तर काय येईल ते मला पत्राने कळवा.